हरलेल्या दिवसाचा उत्तररंग

तेल तापलं तेव्हा पाऊस बारीक होता. वड्यांचा पहिला घाणा निघेपर्यंत तो चांगलाच लागला. सुचित्राने व्हॅनच्या मागच्या उघड्या दारावर ताडपत्रीचं टोक पुन्हा एकदा खोचलं आणि स्टोव्हला हाताने आडोसा केला. स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात मॅचच्या दिवशी स्टेडियमभोवतालची कुरणं गाड्यांनी भरून जातात. आज सीझनमधली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती, पण कुरण अर्धंच भरलं होतं. निळे-पांढरे झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. लांबच्या गोठ्यांकडून ओल्या शेणाचा वास येत होता, आणि त्यात सगळीकडच्या शेगड्यांवरच्या मांसाचा धूर मिसळत होता.

तिच्या नवऱ्याचा, नरेंद्रचा, शनिवारचा उपवास मारुतीचा, आणि इथल्या कॉलेजांचा फुटबॉलही शनिवारचाच. त्यामुळे या जागेवर पहिल्या वर्षापासून साबुदाण्याचे वडे होते. शेजारची जागा डेल योडरची. म्हातारा पूर्वी शाळेत बँड शिकवायचा, आता चर्चमध्ये गातो. त्याला आपले हॅम्बर्गर सोडून रताळ्याचा कीस मागायची सवय लागून किती वर्षं झाली, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"नॅरेन काही खातोय का?" डेलने कागदी ताटली पुढे करत विचारलं.

"ताक पितो. भगरीची पेज केली तर चार घोट."

"आणि सोमवारचं?"

सुचित्राने झाऱ्यावरचा वडा कढईच्या काठावर निथळत धरला. "आज सांगणार आहे म्हणतो. मॅचनंतर."

डेलने मान हलवली. त्याला ही रीत माहीत होती. नरेंद्रचं कीर्तन या कुरणात दोन तुकड्यांत होई. मॅचच्या आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण. मग मध्यंतर म्हणून मॅच. आणि मॅचनंतर, जिंकोत की हरोत, रस्त्यावरची गर्दी ओसरेपर्यंत उत्तररंग, म्हणजे आख्यान. एके काळी चाळीस-चाळीस मराठी मुलं इथे चिखलात बसून ऐकत. आता ती मुलं सनीव्हेलला नाहीतर आणखी कुठे गेली होती, त्यांच्या पोरांना सॉकरच्या प्रॅक्टिस होत्या, आणि इथे राहिलेल्या नव्या विद्यार्थ्यांपैकी दोघं-तिघं वड्यांसाठी डोकावून जात.

व्हॅनच्या पुढच्या सीटवर नरेंद्र डोळे मिटून बसला होता. गळ्याभोवती मफलर. दोन वर्षांपूर्वी स्वरयंत्राला रेडिएशन दिलं होतं. आजार गेला असं सगळ्यांनी मानलं, पेढेही वाटले. भाद्रपदात तो परत आला. आता एकच उपाय होता. सोमवारी पिट्सबर्गला सबंध स्वरयंत्र काढायचं, गळ्याला कायमचं छिद्र ठेवायचं, त्यातून श्वास घ्यायचा. नाही काढलं तर पुढचा सीझन दिसणार नव्हता. नरेंद्र हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. दसऱ्याला विमानाने बॉथेलला, थोरल्या मुलीच्या, आसावरीच्या घरी गेले असताना त्यावरून ताटं तशीच ठेवून लोक उठले होते, तेव्हापासून ती आणि धाकटा सुमंत, दोघं बहीणभाऊ, एकमेकांशी फक्त विमानांच्या वेळांबद्दल बोलत होते.

"अहो, झालेत वडे," सुचित्राने हाक मारली. "उभे राहताय ना?"

नरेंद्रने डोळे उघडले आणि चिपळ्या चाचपल्या.

*

आसावरीने ठरवलं होतं की पूर्वरंग ऐकायचाच नाही. ती बायोटेकमध्ये होती, असल्या गाठींचे आकडे तिच्या बोटांवर होते, आणि आकड्यांच्या मध्ये बाबांचा आवाज आलेला तिला नको होता. ती खुर्ची घेऊन ताडपत्रीच्या अगदी कडेला बसली. फोनवर तंबोरा लावून सुमंतने तो कूलरवर ठेवला आणि झांज हातात घेतली.

नरेंद्र व्हॅनच्या दाराशी उभा राहिला. धोतर, वर निळं जॅकेट, पायांत रबरी बूट. नमनाला पहिला सूर लावला तो लागलाच नाही. दुसऱ्यांदा लागला. कोरड्या पाचोळ्यावरून कुणीतरी सावकाश चालत यावं तसा तो आवाज होता. पण चालत आला.

"इथे लाखभर माणसं येतात," तो म्हणाला. "खेळतात किती? या बाजूचे अकरा, त्या बाजूचे अकरा. मग बाकीचे काय करतात? ओरडतात. घरी जाऊन बघा, खेळणारा दमला नसेल एवढा ओरडणारा दमलेला असतो. बायको विचारते, तुम्ही काय केलंत हो एवढं? काय सांगणार?" तो थांबला, गिळायला त्याला वेळ लागला. "बाबांनो, चेंडू आपल्या हातात कधीच येणार नाही. भगवंत खेळतो. आपण ओरडायचं. आणि दमायचं मात्र त्याच्यापेक्षा जास्त. याला भक्ती म्हणतात."

वड्यांसाठी आलेली तीन पोरं हसली. डेल शब्द न कळता हसला. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता आणि सुमंतची झांज पावसाच्या लयीत केव्हा गेली ते त्यालाही कळलं नसावं. आसावरीला एकाएकी आठवलं की ती सहा वर्षांची असताना याच जागी, याच आवाजाच्या कुशीत, ब्लँकेटमध्ये झोपली होती. त्या वेळी हा आवाज घागरीसारखा भरलेला होता. आता तळाशी ओंजळभर पाणी होतं. तरी होतं. आणि ते ओतून टाका म्हणून ती दोन महिने भांडत होती.

पूर्वरंग संपला. नरेंद्रने रीतीप्रमाणे एकेकाच्या कपाळी बुक्का लावला. डेलनेही कपाळ पुढे केलं. पहिल्या वर्षी त्याला वाटलं होतं, खेळाडू डोळ्यांखाली काळं फासतात तोच हा प्रकार. त्याने ते डोळ्यांखाली लावून मागितलं होतं आणि नरेंद्रने लावूनही दिलं होतं.

"आता मध्यंतर," नरेंद्र कुजबुजला. "तोवर माझ्या गळ्याचा विषय कुणी काढायचा नाही. मी काय ठरवलंय ते उत्तररंगात सांगेन."

"बाबा, हे काय सस्पेन्स ठेवायची गोष्ट आहे का?" आसावरी म्हणाली. तिला जेवढं कडक बोलायचं होतं तेवढं तिला जमलं नाही.

"ताई, लीव्ह इट," सुमंत म्हणाला. "चला बाबा. तिकिटं माझ्याकडे आहेत."

*

सीझन तिकिटं आता दोनच उरली होती. चढ चढताना बाप चार वेळा थांबला आणि प्रत्येक वेळी त्याने कुणा ओळखीच्याला शोधत असल्याचा बहाणा केला. सुमंतही त्याच्याबरोबर शोधत राहिला.

सुमंतचं मत साधं होतं. आई स्वयंपाक करते, ताई आकडे सांगते, बाबा गातात. गाणं काढून घेतलेले बाबा त्याला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हते. म्हणून फोनवर तो ताईला एकदा कसाई म्हणाला होता. शब्द वाईट होता, पण त्याने तो मागे घेतला नव्हता.

मॅच सुरुवातीपासूनच बिघडली. ओला चेंडू हातातून निसटत होता. तरी तिसऱ्या भागात लोकांनी नेहमीची आरोळी सुरू केली. एका बाजूने अर्धी घोषणा, समोरच्या बाजूने उरलेली अर्धी. इकडून प्रश्न पडावा आणि तिकडून डोंगराने उत्तर द्यावं तशी. नरेंद्र विद्यार्थी म्हणून इथे आला तेव्हा, नवीन, एकटा, थंडीने काकडलेला, त्याने ती पहिल्यांदा ऐकली होती आणि गावच्या देवळातला गजर आठवून रडला होता. ही गोष्ट तो कौतुकाने सांगे.

आता आरोळी त्यांच्या बाजूला आली. सगळी रांग उठली. नरेंद्र उठला, त्याने मान वर केली, तोंड उघडलं. सुमंत शेजारीच होता. त्याला बापाचं काहीही ऐकू आलं नाही. आरोळी त्यांच्यावरून पलीकडे गेली, परत आली. बापाने पुन्हा तोंड उघडलं. मग खोकला आला तो थांबेना.

सुमंतने त्याला दंडाला धरून खाली बाथरूममध्ये नेलं. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. नरेंद्रने बेसिनवर ओणवं होऊन कागदी रुमाल तोंडाशी धरला आणि मग तो चटकन मुठीत चुरगाळला. सुमंतला त्याआधीच दिसलं होतं. रक्त थोडंच होतं. पण सुमंतच्या कानात भीती भरली ती रक्ताची नव्हती. बाबा श्वास घेत होते त्याचा आवाज, बारीक, शिट्टीसारखा, दाराच्या फटीतून वारा यावा तसा.

"किती दिवस होतंय हे?"

नरेंद्रने हाताने 'राहू दे' अशी खूण केली.

"आईला माहीत आहे?"

"तिला..." तो थांबला, दम घेतला. "तिला सगळंच माहीत असतं."

*

व्हॅनमध्ये काचा वाफेने धुरकट झाल्या होत्या. सुचित्रा उरलेले वडे फॉइलमध्ये गुंडाळत होती. स्टेडियमचा आवाज मधूनच यायचा आणि खाली बसायचा. तो ज्या तऱ्हेने बसत होता त्यावरून तिला कळत होतं की आपण हरतोय.

"आई," आसावरी म्हणाली, "मी त्यांना आता फोर्स नाही करणार."

"का गं?"

"आज ऐकलं ना मी. त्यांना त्याच्याशिवाय जगायचं नसेल तर मी कोण? पेशंटचा चॉइस असतो शेवटी."

"हं."

"हं काय? तुला काय वाटतं?"

सुचित्राने फॉइलची कड नखाने दाबली. "मला काय वाटायचंय. तू मंगळवारच्या विमानाने जाशील. सुमंत बुधवारी जाईल. कालपर्यंत एक कर म्हणत होता, एक नको म्हणत होता. आता दोघंही नको म्हणाल. चांगलं आहे. एकमत झालं."

"आई, तू टोमणे नको मारू ना."

"टोमणा नाही गं. रात्री शेजारी झोपते मी. तो श्वास मोजत झोपते." ती पुढे काही बोलणार होती. पण बाहेरून लोक येऊ लागले, माना खाली घालून, चिखलात पाय ओढत. मॅच संपली होती.

*

डेलने आपल्या ट्रकचा रेडिओ बंद केला आणि खुर्ची उचलून ताडपत्रीखाली आला. कुणी स्कोअरबद्दल बोललं नाही. वडेवाली पोरं फिरकली नाहीत. शेवटी अनया आली, आसावरीची मुलगी, इथेच दुसऱ्या वर्षाला होती आणि बँडमध्ये झांजा वाजवायची. युनिफॉर्म भिजून काळा पडला होता. तिने आजोबांना पाहिलं, मग मामाचा चेहरा पाहिला, आणि टोपी काढत म्हणाली, "आजोबा, आर यू डूइंग द सर्जरी ऑर नॉट? मला कोणी काही सांगतच नाही."

"अनया," आसावरी म्हणाली.

"व्हॉट? आय लिव्ह हिअर, मॉम. तुम्ही सगळे फ्लाय बॅक करणार."

नरेंद्रने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आधी आख्यान," तो कुजबुजला, आणि दाराशी उभा राहिला.

हरलेल्या दिवसाचं आख्यान ठरलेलं होतं. ते कुठल्या पोथीतलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका दारुण पराभवानंतर रडवेल्या पोरांसाठी त्याने ते उभ्याउभ्या रचलं होतं. नदीला पूर आलाय. पैलतीरावर देवाचा उत्सव. म्हातारा नावाडी, जुनी नाव, एकच वल्हं. सगळे म्हणतात जाऊ नकोस. एक आंधळा यात्रेकरू म्हणतो, मला पोचव. नावाडी निघतो. मधोमध वल्हं मोडतं. मग नावाडी रिकामे हात जोडून हाक मारतो, आणि त्या हाकेला मागे बसलेला आंधळा उत्तर देतो. तो कोण, हे सांगायची गरज नसे. त्या हाकेला नरेंद्र असा सूर लावायचा की आजूबाजूच्या गाड्यांवरचे लोक हातातलं खाणं थांबवून वळून पाहत.

सुमंतने झांज धरली. नरेंद्र बोलू लागला. पूर आला. नाव निघाली. आवाज इतका खाली गेला होता की सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. "आणि मधोमध," तो म्हणाला, "वल्हं..."

पुढचा शब्द आला नाही. त्याने हाकेसाठी मान वर केली. फक्त ती शिट्टी वाजली. त्याने परत प्रयत्न केला, परत, आणि गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. चिपळ्या वाजत राहिल्या, काही वेळ नुसत्याच.

झांज खाली ठेवून सुमंत म्हणाला, "बाबा, बास. ऑपरेशन करून घ्या."

आसावरी वळली. "तू? फोनवर मला कसाई म्हणालास तू."

"चुकलो. ते रक्त थुंकतायत, ताई. मी बघितलं मघाशी."

"मला माहीत आहे काय होतंय त्यांना, मी तुझ्याआधी वाचलंय सगळं. पण मी आत्ताच आईला म्हणाले, त्यांना नको असेल तर आपण..."

"अरे, म्हणजे आता तू नको म्हणतेस?"

नरेंद्रचे खांदे हलले. तो हसत होता, आवाजाशिवाय. "हाफटाइमला बाजू बदलतात," तो कसाबसा म्हणाला. "तुम्हीही बदललीत." मग त्याने मफलर सैल केला आणि एकेक शब्द ठेवत गेला. "मी ठरवलंय. नाही करायचं. श्वास घेईन त्या भोकातून. जगेन. पण नाम कसं घेऊ? मनातल्या मनात? चोरासारखं? देवाने एवढीच एक वस्तू दिली होती. ती कापून टाकून त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?"

 अनया तोंड फिरवून पावसाकडे बघत राहिली. डेलने शब्द न कळताच टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला विचारलंत?" सुचित्रा म्हणाली.

ती स्टोव्हपाशी उभी होती, हातात ओलं फडकं.

"तुला माहीतच आहे," नरेंद्र म्हणाला.

"मला माहीत आहे. पण विचारलंत का?"

नरेंद्रने चिपळ्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"यांना विचारलंत. बॉथेलला जाऊन विचारलंत. त्या डॉक्टरला विचारलंत. डेलला विचारलंत, मला तो म्हणाला. मी काय, पेज करते. तुमचा पूर्वरंग मी तळता तळता ऐकला आणि उत्तररंग भांडी विसळता विसळता. एकदाही म्हटलं नाही की जरा थांबा हो, मलाही काही सांगायचंय. पाठ आहे मला सगळं. कुठे लोक हसणार, कुठे रडणार. तुम्ही उभे राहायचात आणि मी म्हणायचे, चला, हेही देवाचंच काम, कुणीतरी ऐकायला हवं."

"सुचित्रा..."

"थांबा. बोलू नका, दुखेल." ती फडक्याला पीळ देत होती, त्यातून पाणी तिच्या चपलांवर पडत होतं. "सोमवारी काय होणार आहे? तुम्ही बोलायचं नाही, एवढंच ना? दुसऱ्यांनी बोललेलं ऐकायचं. मनातल्या मनात नाम घ्यायचं. मी जन्मभर तेच केलंय. मी नाही मेले. माझंही त्याला पोचलंच असेल की. का माझं चोराचं होतं?"

नरेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. वाहनांची रांग दिवे लावून रस्त्यावर अडकली होती; लाल उजेड चिखलात पसरला होता. आपल्या आयुष्यात हजारो श्रोते आले, असं तो अभिमानाने म्हणत असे. त्यांतला हा एक श्रोता त्याने कधी मोजलाच नव्हता. निरूपणात जे ऐकणाऱ्याचं माहात्म्य तो सांगत आला, ते त्याने कुणासाठी सांगितलं होतं?  त्याला फार लाज वाटली, आणि त्या लाजेच्या तळाशी भीती होती. मरणाची नव्हे. गप्प बसलेल्या माणसाला आत काय काय ऐकू येतं, याची.

मग त्याने आसावरीकडे पाहिलं. "किती वाजता निघायचं?"

"कुठे?" ती म्हणाली. मग समजून, "सोमवारी... अंधारातच निघावं लागेल, बाबा. तीन तास लागतात."

त्याने मान डोलावली. सुमंतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणाला आनंद झाला नाही. काहीतरी उचलून गाडीत ठेवायचं आणि निघायचं, एवढंच उरल्यासारखं सगळे बसून राहिले. पाऊस तसाच होता.

"आजोबा," अनया हळूच म्हणाली, "मग बोट? स्टोरी अर्धी आहे."

उभं राहिलेलं कीर्तन अर्धं टाकत नाहीत, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. नरेंद्रने चिपळ्या सुमंतपुढे धरल्या. सुमंतने नकाराची मान हलवली. आसावरीने खाली पाहिलं. मग त्या घेऊन तो सुचित्रापाशी गेला.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"पाठ आहे म्हणालीस."

तिने हात फडक्याला पुसले, पदर खोचला आणि दाराशी येऊन उभी राहिली. चिपळ्या तिच्या हातात ठोकळ्यांसारख्या वाजल्या. नरेंद्र रिकाम्या खुर्चीवर, डेलच्या शेजारी बसला. इथून व्हॅन कशी दिसते ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"तर," सुचित्रा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता आणि त्यात सूर नव्हता. "नाव मधोमध आहे. वल्हं मोडलंय. म्हाताऱ्याचे हात रिकामे आहेत. आणि तिकडे काठावर, पावसात, त्याची बायको उभी आहे. ती केव्हाची उभी आहे."

नरेंद्रने तोंड उघडलं. आख्यान त्याने रचलेलं होतं. त्यात नावाड्याला बायको नव्हती. सुचित्रा थांबली आणि त्याच्याकडे पाहू लागली.

त्याने तोंड मिटलं, आणि ती पुढे काय सांगते ते ऐकायला खुर्ची पुढे ओढली.